पताई रावळाने काय केलं ते मुलांना सांगा: पावागडच्या सहलीबद्दल आमच्या सहल समितीला खुलं पत्र

प्रति,
सहल समितीतील सर्व सदस्य,
आपलं मंडळ, बडोदे

सा. न. वि. वि.

नवरात्र संपल्यावरच्या रविवारी आपली कालिकामातेच्या पावागडची सहल आहे, त्याचं पत्रक घरी आलं. चार पानी, गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर देवळाच्या नव्या शिखराचा फोटो. बस कुठून सुटणार, वर्गणी किती, नाश्त्याला काय, जेवण कुठे, सगळं व्यवस्थित दिलं आहे. समितीने मेहनत घेतली आहे हे दिसतंच. पण शेवटच्या पानावरच्या दोन ओळी वाचून गप्प बसवेना. एक ओळ अशी: ‘दुधिया तलाव येथे वेळेअभावी थांबा नाही.’ दुसरी ‘मुलांसाठी पावागडची कथा’ या चौकटीत: ‘पताई राजाने देवीचा अपमान केला म्हणून इ. स. १४८४ मध्ये चांपानेरचा नाश झाला.’ चांपानेर म्हणजे गडाच्या पायथ्याचं जुनं शहर. एवढीच कथा. खाली नारळाचं चित्र.

मी हा विषय बैठकीत काढला होता. ‘पुढच्या वर्षी बघू’ असं उत्तर मिळालं. पुढच्या वर्षी बघू म्हणजे काय हे मंडळात हयात घालवलेल्या कुणालाही सांगायला नको. म्हणून हे उघड लिहिते आहे. शिवाय प्रश्न आपल्या एका मंडळाचा नाही. बडोद्यातली इतर मंडळं, भिशीचे गट, सोसायट्या, शाळा, सगळ्यांच्या सहली पावागडला जातात आणि पत्रकं बहुधा एकमेकांवरूनच उतरवली जातात. ज्यांना लागू पडेल त्यांनी आपलं समजून वाचावं.

माझा संबंध काय ते आधी सांगते. मी मंडळाची आजीव सभासद, जन्म बडोद्याचा, माहेर दांडिया बाजारात. माझी मावशी शियापुऱ्यात राहायची, आणि आम्हा सगळ्या मावस-मामे भावंडांना पावागडला न्यायचं खातं तिच्याकडे होतं. दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, लिंबाचं लोणचं आणि पहाटेची एसटी. दर्शन उरकलं की उतरताना ती दुधियाच्या काठावर फतकल मारून बसायची आणि बोलायला लागायची. गोष्ट मराठीत सुरू व्हायची. देवीच्या तोंडचं वाक्य आलं की गुजरातीत शिरायची. देवी पावागडची, ती मराठी कशाला बोलेल, असा तिचा साधा हिशेब होता. पताई रावळाशी येऊन पोचली की तिचे हातवारे थांबायचे. आपल्याच पदराचं टोक ती उजव्या मुठीत आवळून धरायची आणि तशीच पुढे सांगत राहायची. शाप देऊन झाला की मूठ सुटायची. पदराचं टोक चुरगळून गेलेलं असायचं. त्या वयात आम्हा मुलींना सगळं कळत होतं असं नाही, पण काहीतरी भयंकर घडून गेलंय एवढं त्या टोकाकडे बघून कळायचं.

मावशी आता नाही. तिच्या गोष्टी कुणी लिहून ठेवल्या नाहीत, आवाजही कुठे भरून ठेवलेला नाही. मंडळात तिच्या वयाच्या ज्या थोड्या जणी उरल्या आहेत, त्यांना गुडघ्यांमुळे या वर्षी सहलीला येता येणार नाही. म्हणजे मुलांच्या हातात उरणार ती पत्रकातली चौकट.

आता तक्रारी एकेक करून सांगते.

पहिली, तळ्याची. पावागड बडोद्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, साधारण ८०० मीटर उंच. चढायला लागलं की माचीजवळ तेलिया तळं लागतं, वर मौलिया पठारावर छासिया आणि दुधिया. तेल, ताक, दूध. जसजसं वर जावं तसतसं पाणी देवीच्या जवळ येत जातं आणि तसतसं त्याचं रूप पालटतं, अशी आमच्याकडची समजूत. लहानपणी आम्ही खरोखर ओंजळीत पाणी घेऊन बघायचो, ताकापेक्षा दूध दाट आहे का म्हणून. नसायचं. ‘तुमचे डोळे अजून माचीलाच राहिलेत,’ मावशी म्हणायची.

छासियाच्या काठी शिवाचा अवतार मानलेल्या लकुलीशाचं देऊळ आहे, दहाव्या-अकराव्या शतकातलं, गडावरच्या देवळांत सगळ्यात जुनं. ज्या लकुलीशाचं ते देऊळ, त्याचं जन्मस्थान कायावरोहण मानतात, म्हणजे आपलं डभोईजवळचं कारवण. बडोद्याच्या माणसाला तिथे थांबून मुलांना दोन वाक्यं सांगण्यासारखं केवढं आहे! पत्रकात त्याचा पत्ता नाही.

आणि विश्वामित्राची गोष्ट. ऋषी इथे तप करत होते. त्यांची गाय चरता चरता खोल दरीत पडली. साधीसुधी गाय नव्हे, कामधेनू. तिने आपल्या दुधाने दरी भरून टाकली आणि त्या दुधावर पोहत वर आली. पुन्हा असं होऊ नये म्हणून ऋषींनी देवाला दरी बुजवायला सांगितलं, आणि देवाने तिथे डोंगर आणून बसवला. तोच हा गड. दरीतलं उरलेलं दूध वर आलं ते दुधियात, असं मावशी ठोकून द्यायची. हा शेवटचा धागा तिने स्वतःच जोडला असावा असा मला दाट संशय आहे. पण लोककथा वाढते ती अशीच. कुणीतरी पाण्याकाठी बसलेलं असतं, समोर कंटाळलेली पोरं असतात, आणि त्यांनी उठून जाऊ नये म्हणून ते माणूस दोन गोष्टींना गाठ मारून टाकतं. रोपवेतून उतरून तळ्याच्या कडेने नाकासमोर देवळाच्या पायऱ्यांकडे चालत सुटल्यावर कोण गाठ मारणार?

तळं वाटेवरच आहे. तिथे जायला वेगळा वेळ लागतच नाही, लागतो तो बसायला. आणि वेळेअभावी म्हणाल, तर त्याच पत्रकात रिसॉर्टवर हाउजीला दीड तास ठेवला आहे. हाउजी मलाही आवडते, मागे एकदा स्टीलचा डबा जिंकला आहे. पण हाउजी मंडळाच्या हॉलमध्ये होते, गणपतीत होते, कोजागरीला होते. दुधिया तळं फक्त पावागडावर आहे.

दुसरी तक्रार माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कथा अशी सांगतात. नवरात्रात गडावर गरबा रंगलेला. प्रत्यक्ष कालिकामाता एका देखण्या बाईचं रूप घेऊन गरब्यात उतरली आणि बायकांबरोबर फेर धरू लागली. पताई रावळाची नजर तिच्यावर गेली. राज्य त्याचं, गड त्याचा, रात्र त्याची. त्याने पुढे होऊन तिचा पदर धरला. तिने सांगितलं, सोड. त्याने सोडला नाही. मग तिने आपण कोण ते दाखवलं, आणि तरीही लगेच शाप दिला नाही. मावशीच्या तोंडची देवी इथे म्हणायची, ‘मागी ले, जे जोईए ते मागी ले.’ राज्य माग, धन माग, मुलगा माग. रावळ म्हणाला, तूच हवीस, माझी राणी हो. त्यानंतर शाप आला: तुझं राज्य जाईल.

हे सगळं पत्रकात ‘देवीचा अपमान’ एवढ्यात बसवलं आहे. कसला अपमान? मागच्या वर्षी एका मुलाने हेच विचारलं. ‘नारळ फोडला नाही’ असं उत्तर त्याला बसमध्ये मिळालं, ते मी या कानांनी ऐकलं आहे. एवढी मोठी कथा, आणि आपण ती नारळावर आणून ठेवली.

बैठकीत मला सांगण्यात आलं, ‘अहो ताई, लहान मुलं बरोबर असतात, पदर-बिदर बरं नाही दिसत.’ मला त्या काकांबद्दल आदर आहे आणि त्यांचा हेतू वाईट नाही हेही ठाऊक आहे. पण जरा विचार करा. आपण राहतो बडोद्यात. नऊ रात्री या शहराची निम्मी मुलं-मुली मैदानात असतात. घरातून निघताना मुलींना सूचनांची यादी मिळते: चोळीला पिन लाव, एकटी येऊ नकोस, फोन चालू ठेव, घोळक्यातून बाहेर पडू नकोस, अमक्याच्या गाडीवर बसू नकोस. मुलांना काय सांगतो आपण? पेट्रोल भरून घे.

पावागडची कथा नेमकी त्यांच्यासाठी आहे. गरब्यात एक बाई आली होती. ती एकटी होती, रात्र होती, ती नटलेली होती. तरी कथेत एकही माणूस विचारत नाही की ती एकटी का आली, एवढं नटायची काय गरज होती. कथेत चूक एकाच माणसाची आहे आणि तो राजा आहे. सोड म्हटल्यावर सोडायला हवं होतं, आणि नंतरही माघार घ्यायची एक वाट त्याला दिलेली होती, ती त्याने घेतली नाही. हे किती शहाणपणाने रचलंय बघा. आपल्या बायकांनी, म्हणजे इथल्या गुजराती बायकांनी, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या गरब्यात गाऊन टिकवली, भर चौकात, सगळ्यांच्या देखत. लहान मुलं फेराच्या कडेला बसून ऐकतच होती. त्यांचं काही बिघडलं नाही. आपल्याला मात्र आता ती मुलांपासून लपवावीशी वाटते, आणि त्याच मुलांच्या हातात आपण दिवसभर फोन देतो.

दहा वर्षांच्या मुलाला ही कथा कशी सांगायची, असा खरा प्रश्न असेल, तर सोपं आहे. जशी आहे तशी सांगायची. तिच्यात एकही शब्द असा नाही की जो आजीने नातवापुढे उच्चारू नये.

तिसरी तक्रार याच वाक्यातल्या सनावळीची. पत्रकाने शाप आणि १४८४ एका वाक्यात जुंपले आहेत. कथेला सनावळी चिकटवली की कथेचंही नुकसान होतं आणि इतिहासाचंही. लोकांच्या तोंडी जो पताई रावळ आहे तो इतिहासात जयसिंह, चांपानेरचा खीची चौहान राजा. गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने गडाला वेढा घातला, तो सुमारे वीस महिने चालला. जयसिंहाने माळव्याच्या सुलतानाकडे मदत मागितली, ती पोचली नाही. १४८४ च्या नोव्हेंबरमध्ये गड पडला. आत जोहार झाला. जखमी राजा पकडला गेला, त्याने धर्म बदलायला नकार दिला आणि तो मारला गेला. बेगड्याने पायथ्याशी मुहम्मदाबाद नावाचं नवं शहर उभं केलं, राजधानी तिथे आणली. तिथली जामी मशीद आपण दर वेळी बसच्या खिडकीतून बघतो. १५३५ मध्ये हुमायून आला. त्याच्या माणसांनी रात्री कड्यात लोखंडी खिळे ठोकले आणि त्यांवर पाय देत ती वर चढली, बादशहा स्वतःही त्यांच्यात होता. पुढे राजधानी अहमदाबादला परत गेली आणि चांपानेरवर रान माजलं. त्या रानातून जे पुन्हा बाहेर आलं त्याला २००४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

आता मला सांगा, वीस महिने वेढ्यात गड टिकतो तो कशावर? धान्यावर आणि पाण्यावर. पावागडाला बारमाही नदी नाही. वरचं पाणी म्हणजे पावसाचं पाणी, अडवून तळ्यांत साठवलेलं. मुलांना दुधियाच्या काठावर उभं करून हा एक प्रश्न विचारला, की ‘वर पाचशे माणसं आहेत, खाली फौज आहे, पाऊस येऊन सहा महिने झालेत, काय कराल?’, तर किल्ला म्हणजे काय ते त्यांना पाच मिनिटांत समजेल. पाचशे हा आकडा मी उदाहरणाला घेतला आहे, हो, नाहीतर पुढच्या पत्रकात छापून यायचा.

आणखी एक गोष्ट मला बरीच वर्षं टोचते आहे. जो राजा वीस महिने लढला आणि मेला, त्यालाच लोककथेने पदर धरणारा ठरवलं. असं का झालं असेल? राज्य बुडाल्यावर लोकांना कारण लागतं, आणि वेढा, तोफा, न आलेली मदत ही कारणं रात्री गरब्यात गाता येत नाहीत, म्हणून असेल. की देवीच्या गडावर देवीने राखण का केली नाही या प्रश्नाला काहीतरी उत्तर हवं होतं, म्हणून? मला ठाऊक नाही, पण मुलांबरोबर यावर बोलायला मजा येईल. त्यासाठी शापाची गोष्ट गोष्ट म्हणून आणि वेढ्याची हकिकत हकिकत म्हणून, दोन्ही वेगवेगळ्या आणि पुऱ्या सांगाव्या लागतील. कथेतल्या रावळाला शाप लागू दे. जयसिंहाच्या नावावर तो गुन्हा छापायचा अधिकार समितीला नाही.

चौथी तक्रार थोडक्यात. पत्रकात शिखर आहे, सदनशाह पीर नाही. देवळावर त्याचा दर्गा होता हे आपल्यापैकी चाळिशीपुढच्या प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलं आहे. २०२२ च्या जूनमध्ये नव्या शिखरावर ध्वज चढला. त्यासाठी दर्गा समजुतीने बाजूला हलवला गेला होता. सदनशाहाबद्दल एक कथा सांगतात: तो मुळात सहदेव जोशी नावाचा हिंदू, त्याने बेगड्याची मर्जी राखायला धर्म बदलला आणि देऊळ पुरतं उद्ध्वस्त होण्यापासून वाचवलं. ही खरी की खोटी यात मी पडत नाही. पण गडावर माणसं ती सांगत आली आहेत, आणि कुठल्या कथा सभासदांच्या मुलांना झेपतील ते पत्रक छापणाऱ्यांनी ठरवू नये.

पाचवी तर किरकोळच आहे. ‘गड आणि आपण’ या मथळ्याखाली अर्धं पान मराठ्यांच्या पराक्रमाला दिलं आहे. अठराव्या शतकात गड मराठ्यांकडे आला, पुढे तो शिंद्यांकडे होता, १८५३ मध्ये पंचमहालाचा कारभार इंग्रजांकडे गेला, हे ठीकच. बडोदेकरांच्या पत्रकात ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा अभिमान मिरवायलाही माझी हरकत नाही. पण आपल्यासाठी अर्धं पान आणि ज्या देवीला भेटायला चाललो तिच्या कथेसाठी दीड ओळ, हे प्रमाण जरा तपासा.

सहावी तक्रार पाण्याची. गेल्या सहलीला मी दुधियाच्या काठावर उतरले होते. दगडांच्या फटीत एक लाल चुनरी अडकली होती, तिची जरीची किनार सुटून पाण्यात लोंबत होती. तिच्यात वेफर्सची रिकामी पाकिटं गुंतलेली, अर्धी भरलेली पाण्याची बाटली, भिजून फुगलेला प्रसादाचा पुडा. बाजूला नाश्त्याचा पुठ्ठ्याचा खोका, अगदी ताजा, आणि झाकणावर आपल्या मंडळाचा शिक्का. मी तो उचलून पिशवीत घातला आणि बसमध्ये समितीला दाखवला. ‘कुणीतरी टाकला असेल,’ असं उत्तर मिळालं. कुणीतरी म्हणजे आपणच की, दुसऱ्या कुणाला आपले खोके कशाला मिळतील?

तळ्यात चुनरी, फुलं, नाणी सोडणारे श्रद्धेने सोडतात, त्यांच्यावर मला शेरेबाजी करायची नाही. पण जी विश्वामित्री आपल्या शहरातून वाहते ती याच गडाच्या उतारावरून निघते, आणि तिला नाव त्या गाईवाल्या ऋषींचं आहे. २०१९ च्या जुलैअखेर आणि पुन्हा २०२४ च्या ऑगस्टमध्ये ती आपल्या घरांत शिरली तेव्हा सोसायट्यांच्या आवारात मगरी फिरत होत्या. त्या पुरांची कारणं मोठी आहेत, शहराने नदीचं काय केलं त्यात ती आहेत. एका खोक्याने पूर येत नाही. तरी गडावर जाऊन उगमाशी कचरा करायचा आणि घरी येऊन नदीच्या नावाने बोटं मोडायची, हे मला तरी जमत नाही. विश्वामित्राची गोष्ट मुलांना सांगितलीत, तर ‘वरचं दूध खाली आपल्याकडे येतं’ हे त्यांना आपोआप कळेल आणि ‘तळ्यात कचरा टाकू नका’ ही पाटी वाचायला लावायची गरज उरणार नाही.

आता मागण्या. माझ्या मते यातली एकही अवघड नाही.

दुधियाच्या काठी निदान पाऊण तास थांबा द्यावा. वेळ हाउजीतून काढावा. रोपवेच्या रांगेत गट पुढेमागे होतातच, तेव्हा जो आधी पोचेल त्याने तळ्याकाठी बसून मागच्यांची वाट बघावी; असं केलं तर वेगळा वेळही फारसा लागणार नाही.

पत्रकाचं शेवटचं पान नव्याने छापावं. पताई रावळाची कथा पूर्ण द्यावी, वर ‘दंतकथा’ असं स्पष्ट लिहावं. चांपानेरचा इतिहास वेगळ्या चौकटीत द्यावा. सदनशाह, लकुलीश आणि विश्वामित्र यांना दोन-दोन ओळी द्याव्यात. जागा कमी पडत असेल तर शुभेच्छुकांच्या जाहिराती आहेत, त्यांतली माझ्या दिरांची काढली तरी चालेल, त्यांच्याशी मी बोलते.

मंडळातल्या ज्या वृद्ध सभासदांना पावागडच्या गोष्टी येतात, त्यांच्या घरी जाऊन त्या फोनवर ध्वनिमुद्रित कराव्यात. ज्या मिश्र भाषेत त्या सांगतील त्याच भाषेत. सुधारून घेऊ नयेत, मध्ये थांबवून ‘आजी, ते असं नाही’ म्हणू नये. एकीच्या गोष्टीत देवी सहा महिन्यांची मुदत देत असेल आणि दुसरीच्या गोष्टीत देत नसेल, तर दोन्ही ठेवाव्यात. सोबत त्यांनी ती कुणाकडून ऐकली तेही विचारून घ्यावं. हे काम कॉलेजातल्या मुलामुलींकडे द्यावं, रील बनवायला त्यांना नाहीतरी काहीतरी हवंच असतं.

गडावर लिंबू-मीठ लावून काकडी विकणारे, चुनरीचे दुकानदार, जुने डोलीवाले यांच्यापैकी कुणाला गोष्ट येत असेल तर तिथेच बसवून ऐकावी आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्यावेत. पैशावरून घासाघीस करू नये. आपण निवेदकाला शालश्रीफळ देतोच की.

प्रत्येक कुटुंबाला बसमध्ये एक कापडी पिशवी द्यावी आणि नेलेलं सगळं परत आणावं. खोक्यांवर मंडळाचा शिक्का आहेच, त्यामुळे हिशेब लागायला सोपं जाईल. मंडळाच्या नावाने तळ्यात काहीही सोडू नये.

आणि या पत्राचं उत्तर लेखी द्यावं, मंडळाच्या फलकावर लावावं. तोंडी ‘बघू’ नको.

पान पुन्हा छापायचा खर्च द्यायला मी तयार आहे. मजकूर लिहून द्यायलाही तयार आहे, समितीने तपासून घ्यावा. शनिवारच्या बैठकीत मला दहा मिनिटं मिळाली तर कथा सांगूनही दाखवते. ‘बरं दिसत नाही’ असं तेव्हाही वाटलं तर तसं सगळ्यांसमोर सांगावं, मी ऐकून घेईन.

यातलं काही झालं नाही तरी मी सहलीला येणार आहेच, वर्गणी भरलेली आहे. दर्शन झाल्यावर मी दुधियाच्या काठावर बसणार. ज्यांना आपली मुलं माझ्याकडे सोडायची असतील त्यांनी बसमध्ये सांगून ठेवावं. पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या त्यांच्याबरोबर द्याव्यात. हाउजी सुरू व्हायच्या आत त्यांना खाली आणून पोचवायची जबाबदारी माझी.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद
दांडिया बाजार, बडोदे